नंबर तोच ठेवला

अनिस शिकलगार नेमकं काय काम करतो, हे त्याच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आई विचारणाऱ्यांना सांगते, कॉम्प्युटरचं. वडील मन्सूरभाई गेली पस्तीस वर्षं भोसरीत कटर आणि ड्रिलना धार लावून देतात. ते सांगतात, पोरगा बसून काम करतो. बायको यास्मिन शाळेत गणित शिकवते, म्हणून तिला त्यातल्या त्यात जास्त कळतं. ती म्हणते, दुसऱ्यांनी शिजवलेलं हा डब्यात भरून देतो. अनिसला हे वर्णन आवडत नाही. पण खोडून काढायला गेलं की अर्धा तास जातो, आणि शेवटी यास्मिनचंच खरं ठरतं.

फोटो बघून त्यात काय कुठे आहे ते ओळखणाऱ्या प्रोग्रामांचा एक मोठा साठा जगभरच्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेला आहे. अशा साठ्याला लायब्ररी म्हणतात. पण ती उचलून चाकणच्या कारखान्यातल्या जुन्या, तेलकट धुळीने माखलेल्या संगणकावर टाकली, तर संगणक मान टाकतो. अनिस त्या लायब्ररीचा मूळ कोड घेतो, नको ते छाटतो, हवं ते आत घालतो आणि त्या गरीब संगणकाला पेलेल अशी ती नव्याने बांधतो. अशा बांधून तयार झालेल्या आवृत्तीला बिल्ड म्हणतात. मग हा खास बिल्ड तो एका सेटअपमध्ये भरतो. कारखान्यातल्या माणसाने पेन ड्राइव्ह लावायचा, सेटअपवर दोनदा टिचकी मारायची आणि बटणं दाबत जायचं, की लायब्ररीची एकेक फाइल आपापल्या जागी जाऊन बसते.

ही सेटअपची कामं लोक उरकून टाकतात. अनिस नाही. त्याचे सेटअप देखणे असत. बटणांवर त्याने मराठी शब्द घातले होते, पुढे, पुढे आणि शेवटी झाले. प्रत्येक बिल्डला नंबर, प्रत्येक नंबराची वहीत नोंद. पेन ड्राइव्हवर चिकटपट्टी, तिच्यावर बारीक अक्षरात तारीख. ऑफिसात त्याला चिडवायला 'कारकून' म्हणत आणि तो मनातून सुखावत असे. शाळेत पहिल्या बाकावर बसून पहिल्या बाकावरच राहिलेला माणूस. त्याच्यात खोट एकच होती. चूक होण्याची त्याला जेवढी भीती वाटे, त्याच्या दसपट ती चारचौघांत दिसण्याची वाटे. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत तशी वेळ आली नव्हती, म्हणून ही खोट कुणाला माहीत नव्हती. त्यालाही नव्हती.

महाळुंग्यात ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणारा एक कारखाना आहे. तिथे दुचाकीच्या ऑइल पंपाचं झाकण बनतं, हाताच्या पंज्यात मावेल एवढं. ओतताना धातूत हवा अडकली की सुईच्या टोकाएवढं छिद्र राहतं आणि पुढे तिथून तेल पाझरतं. असं झाकण पकडायला अनिसच्या कंपनीने तिथे तीन कॅमेरे बसवले होते. झाकण कॅमेऱ्याखाली धरायचं, चांगलं असेल तर हिरवा दिवा, छिद्र असेल तर लाल. पहिल्या दोन कॅमेऱ्यांवर नव्या मुली होत्या. दिवा सांगेल तसं त्या करत. तिसऱ्यावर यशोदाबाई होत्या.

यशोदाबाई महाळुंग्याच्याच. पन्नाशी उलटलेल्या, कंत्राटावर. कॅमेरे नव्हते तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं त्या झाकणं तपासत होत्या. झाकण ट्यूबखाली तिरकं धरायचं, अंगठ्याने एकदा फिरवायचं आणि टाकायचं, डाव्या पेटीत नाहीतर उजव्या. कॅमेरा बसवायच्या वेळी छिद्र कशाला म्हणायचं आणि नुसता डाग कशाला, हे अनिसला सुद्धा कळत नव्हतं. तेव्हा आठ दिवस यशोदाबाई त्याच्या शेजारी बसून हजारभर झाकणं वेगळी करून देत होत्या, आणि त्यांनी वेगळी केली तशी अनिसने ती कॅमेऱ्याला शिकवली. त्याच्या कॅमेऱ्याचे डोळे म्हणजे यशोदाबाईंचे डोळे, असं म्हटलं तरी चालेल. तो स्वतः तेव्हा तसं म्हणायचा. नंतर म्हणेनासा झाला.

तर झालं असं, की काठाजवळच्या सावलीतली छिद्रं कॅमेऱ्याला दिसत नव्हती. हेही यशोदाबाईंनीच पहिल्यांदा दाखवलं. अनिसने लायब्ररी उघडली, सावलीचा हिशेब करणारा भाग बदलला, नवा बिल्ड केला. काम चोख झालं. अडचण वेगळीच होती. झाकणं विकत घेणाऱ्या मोठ्या गाडीवाल्या कंपनीचा नियम असा, की माल बनवण्या-तपासण्याच्या पद्धतीत काडीचाही बदल झाला तर बदलाचा फॉर्म भरायचा. मग नमुने पाठवा, माणसं येऊन बघून जाणार, सह्या होणार, आणि तोवर महिना जाणार. कारखान्याचे क्वालिटीचे साहेब रणजीत कपाळाला हात लावून बसले. सॉफ्टवेअरचा नंबर बदलला की तो फॉर्म आलाच.

"नंबर तोच ठेवतो," अनिस म्हणाला. "नंबर तोच, म्हणजे बदल झालाच नाही."

ही कल्पना दुसऱ्या कुणाची असती तर बरं झालं असतं. पण ती त्याचीच होती. रणजीतसाहेबांनी त्याच्यासाठी खास चहा मागवला. भोसरीच्या ऑफिसात परतल्यावर मालक सुजितने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, राव, तू फक्त इंजिनिअर नाहीस, तुला धंदाही कळतो. वहीत प्रत्येक बिल्डची नोंद करणाऱ्या माणसाने त्या दिवशी नोंद केली नाही, आणि थाप खाऊन घरी गेला.

पहिल्या दोन कॅमेऱ्यांवर त्याने स्वतः जुनं सगळं काढून टाकलं आणि मग नवा सेटअप चालवला. जुनं आधी काढायचं ही त्याची टापटिपीची सवय. तिसऱ्यावर तेव्हा माल चालू होता, लाइन थांबवायला सुपरवायझर तयार होईना. अनिसने पेन ड्राइव्ह त्याच्याकडे दिला आणि सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत तुम्हीच टाका, बटणंच दाबायची आहेत. सुपरवायझरने टाकलं. पुढे, पुढे, झाले.

आठ दिवसांनी रणजीतसाहेबांचा फोन आला. तिसऱ्या कॅमेऱ्यावर गोंधळ होता. कॅमेरा हिरवा देत होता आणि यशोदाबाई तीच झाकणं उचलून रद्दच्या पेटीत टाकत होत्या. एकदोन नव्हे, दिवसाला तीस-चाळीस. साहेबांनी एक-दोन झाकणं डोळ्यांजवळ धरून पाहिली, त्यांना छिद्र काही दिसलं नाही. काळसर डाग असावा, एवढंच. ते वैतागले होते. बुधवारी सकाळी येऊन एकदा सोक्षमोक्ष लाव, म्हणाले.

त्या कारखान्यात पहिली पाळी सुरू झाली की सव्वासातला लाइनजवळच्या पांढऱ्या फळ्यापुढे सगळे उभ्याने जमतात. कालचा माल, कालच्या तक्रारी, आजचं काम, आणि दहा मिनिटांत पांगतात. त्या बुधवारी अनिस फळ्याशी उभा होता. त्याने तिन्ही पडदे पाहून घेतले होते. तिन्हीवर नंबर एकच. तो एकच का आहे हे साऱ्या महाराष्ट्रात फक्त तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक तो स्वतः. नंबर सारखा असला म्हणजे आतली चीज सारखीच असेल असं नाही, हेही त्याला कळायला हवं होतं. खरं तर मनाच्या कोपऱ्यात काहीतरी हललंही. पण दहा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, रणजीतसाहेब घड्याळाकडे बघत होते, आणि तपासून सांगतो म्हणणं म्हणजे माझं काहीतरी चुकलं असेल म्हणणं.

"तिन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर एकच आहे," तो म्हणाला. "नंबर बघा. मशीनमध्ये फरक नाही." मग यशोदाबाईंकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाला, "मावशी, वयाप्रमाणे नजर कमी होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मागे कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, नुसतंच सुटकेचं. फळ्यासमोरून माणसं पांगली, तेव्हा यशोदाबाई अनिसजवळ आल्या आणि हातातलं एक झाकण त्यांनी त्याच्या हातात ठेवलं.

"ह्यात छिद्र हाय, सर. काठाला, आत. कापून बघा."

त्याने हो म्हणून झाकण बॅगेत टाकलं. दुपारनंतर यशोदाबाईंना पॅकिंगला पाठवलं, हे त्याला निघताना गेटवर कळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, त्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस. मन्सूरभाईंच्या दुकानालाही सुट्टी असते, पण ते घरी बसत नाहीत. शटर अर्धं वर करून तयार माल लावून ठेवतात. अनिस मदतीला जाऊन बसला. धार लावून झालेल्या प्रत्येक कटरला एक चिठ्ठी बांधायची असते. धार लावली की कटर केसभर आखूड होतो. ती नवी लांबी चिठ्ठीवर लिहून दिली नाही, तर पलीकडचा माणूस मशीनला जुनीच लांबी सांगतो आणि काम वाया जातं. कटर तोच दिसतो, तो तोच नसतो. लहानपणापासून अनिस या चिठ्ठ्या लिहीत आला होता. कदाचित त्याचं बारीक, स्वच्छ अक्षर याच दुकानात घडलं असेल.

चार चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि पाचव्यावर त्याचा हात थांबला. त्याने बॅगेतून झाकण काढलं आणि धार लावायच्या दगडाकडे नेलं, तर मन्सूरभाई ओरडले, ॲल्युमिनियम दगडाला लावायचं नाही, दगड चोंदतो, इतकी वर्षं सांगतोय. मग त्याने झाकण पकडीत आवळलं आणि करवतीने कापायला घेतलं. यशोदाबाईंनी दाखवलेल्या जागी, काठाला. झाकणाचे दोन तुकडे झाले. आत वाटाण्याच्या निम्म्या आकाराची पोकळी होती आणि वरच्या छिद्रातून तिच्यात उजेड येत होता.

वडिलांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. म्हणाले, हे बाहेरून ज्याने ओळखलं त्याची नजर काय असेल. अनिसने तुकडे बॅगेत टाकले.

ऑफिसची किल्ली त्याच्याकडे असायची. तो तसाच ऑफिसात गेला. एका रिकाम्या संगणकावर त्याने आधी जुना बिल्ड टाकला, आणि तो न काढता त्याच्यावर नवा सेटअप चालवला. पुढे, पुढे, झाले. मग आत जाऊन पाहिलं. लायब्ररीची फाइल जुनीच होती. सेटअपचा नियमच तसा असतो. त्याच नावाची, त्याच नंबरची फाइल संगणकावर आधीपासून असेल, तर तो समजतो की हे इथे आहेच, आणि तिला हात लावत नाही. सेटअप नियमाने वागला होता. नंबरावर भरवसा ठेवणं हेच त्याचं काम. खोटं नंबरात होतं, आणि तो नंबर अनिसने लिहिला होता. पडद्यावरचा 'झाले' हा शब्दही त्यानेच, मोठ्या हौसेने, ठळक अक्षरात बसवलेला. तो शब्द त्याला तोंडात मारल्यासारखा लागला.

आता खरं तर एक फोन पुरेसा होता. त्याने केला नाही. शुक्रवारी सकाळी नेहमीच्या देखभालीचं निमित्त काढून तो महाळुंग्याला गेला, तिसऱ्या कॅमेऱ्यावरचं जुनं सगळं पुसलं आणि नवा बिल्ड नीट बसवला. बुधवारी यशोदाबाई हलल्यानंतर तपासलेला माल अजून कारखान्यातच पडून होता. चाचणी घ्यायची आहे असं सांगून तो त्याने पुन्हा कॅमेऱ्याखालून काढला. चौदा झाकणांवर लाल दिवा लागला. चौदाच्या चौदा त्याने स्वतःच्या हाताने रद्दच्या पेटीत टाकली. मालाची त्याने पुरेपूर काळजी घेतली. माणसाचं काय, हा प्रश्न त्याने पुढे ढकलला.

आणि मग जे झालं त्याचा त्याने विचारच केला नव्हता. शुक्रवारपासून तिसरा कॅमेरा पहिल्या दोघांसारखा चालायला लागला. तक्रार बंद. रणजीतसाहेब खूश होऊन फोनवर म्हणाले, "बघा अनिस सर, मावशी हलल्या आणि भानगड मिटली. तुम्ही म्हणालात तेच खरं." अनिसने गुपचूप केलेली दुरुस्ती यशोदाबाईंविरुद्धचा पुरावा होऊन बसली. तो फोनवर हसला. हसला, हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत अनिसने स्वतःला जी कारणं दिली ती सगळी इथे लिहीत नाही. तुम्हीआम्ही अशा वेळी देतो तीच होती. सुजितचं गिऱ्हाईक जाईल. रणजीतसाहेबांची नोकरी अडचणीत येईल. यशोदाबाईंना पॅकिंगमध्ये तसा काही त्रास नाही. दोनदा तो कामासाठी महाळुंग्याला गेला, तेव्हा पॅकिंगच्या बाजूने न जाता भट्टीकडून लांबचा वळसा घालून गेला. भट्टीकडच्या उकाड्यात कुणी कारणाशिवाय जात नाही. एकदा त्या दुरून दिसल्या. खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. त्याने चोरासारखी मान फिरवली.

यास्मिनला त्याने अर्धंमुर्धं सांगितलं. तिने विचारलं, त्या बाईंना सांगितलंस का? तो म्हणाला, सांगेन. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्याला विचारण्यापेक्षा जास्त झोंबलं. दुकानात बसलं तर चिठ्ठ्या लिहवेनात. वडिलांनी एकदा त्याचं अक्षर बिघडलंय असं म्हटलं, तर त्याचे कान तापले. खरंच बिघडलं होतं.

चौथ्या आठवड्यात तो गेला तेव्हा लांबचा वळसा घेतला नाही. आज बोलायचंच असं ठरवून सरळ पॅकिंगमध्ये शिरला. यशोदाबाई तिथे नव्हत्या. आठ दिवस झाले, त्या येत नाहीत, असं शेजारच्या बाईने सांगितलं. कुणी काढलं नव्हतं. खोक्यावरचं लेबल वाचून खोकं बाजूला करायचं काम होतं, तर दर खोक्याला दुसरीला विचारायच्या, बघ गं, बरोबर हाय का. बायका कंटाळल्या. मग एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, मला आता दिसंना, माझ्यानं चूक व्हायला नको.

अनिस तिथूनच त्यांच्या घरी गेला. गावठाणात घर, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत यशोदाबाईंची सून विजयश्री तांदूळ निवडत होती आणि यशोदाबाई शेजारी नुसत्या बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. डोळ्यांना चष्मा होता. अनिसला पाहून त्या उठल्या, साहेब घरी आले म्हणून त्यांची धांदल उडाली. सुनेला चहा टाकायला सांगितलं. तांदळाचं ताट तिने सासूपुढे न सरकवता उचलून आत नेलं. जाता जाता म्हणाली, आत्यांना हल्ली खडे दिसत नाहीत, मीच करते.

चष्मा कधी घेतला, असं अनिसने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"गेल्या महिन्यात. चाकनला," यशोदाबाई म्हणाल्या. "दुकानवाला म्हनत हुता, मावशी, डोळं ठणठणीत हायती, नंबरच न्हाई. मी म्हनलं, न्हाई कसा? आमच्या कंपनीतल्या इंजिनेर साहेबांनी सांगितलंय. मंग दिला त्येनं. बिननंबराचा."

साध्या काचेचा चष्मा होता तो. मागचे त्यांचे डोळे काचेतून जसेच्या तसे दिसत होते. अनिसला पडवीची जमीन दुभंगावी असं वाटलं. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. नंबर, फॉर्म, सेटअप, कापलेलं झाकण, ती चौदा झाकणं, फोनवरचं हसणं सुद्धा. लायब्ररी म्हणजे काय ते सांगत बसला नाही. जुनी चीज तुमच्या मशीनमध्ये राहिली होती आणि मी ती नवी आहे म्हणून सांगितलं, एवढंच म्हणाला. विजयश्री चहाचा कप हातात घेऊन दारात थांबली होती.

"तुमचे डोळे बरोबर होते, मावशी. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

दुसऱ्याच दिवशी, हे शब्द त्यांनी मनाशी एकदा म्हणून पाहिले असावेत, ओठ हलले. मग त्या पडवीच्या पुढच्या रस्त्याकडे बघायला लागल्या. कंटेनर जात होते, एकामागून एक. अनिसने माफी मागितली ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही.

"हितं सांगून काय उपेग," शेवटी त्या म्हणाल्या. "तवा धा मान्सं हुती. त्येंच्याम्होरं सांगा. मी येते उद्याच्याला."

संध्याकाळी त्याने सुजितला फोन केला, उद्या सगळं सांगणार आणि बदलाचा फॉर्मही भरणार असं सांगितलं. सुजित आधी हसला, मग भडकला, मग हात जोडल्यासारखं बोलायला लागला. तोंडी काय बोलायचं ते बोल राव, पण लेखी काही देऊ नको. त्या फॉर्मवर आपलं नाव आलं की या पट्ट्यातलं एकही काम आपल्याला मिळणार नाही. अनिसने ऐकून घेतलं. सुजितचं चूक होतं असंही नाही. तो म्हणाला, नंबर मी ठेवला होता, तर नाव माझं लिहितो. नोकरी राहील की जाईल, हे सुजितने सांगितलं नाही आणि अनिसने विचारलं नाही.

सकाळी सव्वासातला फळ्यापुढे तीच माणसं होती, एकदोन इकडेतिकडे. यशोदाबाई कडेला उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेऊन. रणजीतसाहेबांना अनिसने आधी काही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्याला बोलू दिलं नसतं. कालचा माल, कालच्या तक्रारी झाल्या, तेव्हा तो पुढे झाला. पाठ केलेली वाक्यं तो ऐन वेळी विसरला. तरी तो बोलला. त्या बुधवारी मी इथे उभं राहून जे सांगितलं ते खोटं होतं, म्हणाला. तिसऱ्या मशीनवर जुनाच बिल्ड होता. नंबर सारखा दिसावा म्हणून मी तो सारखा ठेवला होता. मावशींनी काढलेलं प्रत्येक झाकण खराबच होतं. मला हे गुरुवारी कळलं आणि मी आजपर्यंत तोंड लपवत होतो.

कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही, ते जास्त वाईट होतं. पहिल्या कॅमेऱ्यावरची मुलगी जमिनीकडे बघत होती. रणजीतसाहेब लाल झाले आणि घाईघाईने म्हणाले, ठीक आहे, तांत्रिक अडचण होती, दूर झाली, कामाला लागा. अनिसने बॅगेतून बदलाचा फॉर्म काढला. रात्री लिहून ठेवला होता, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या नावाने आणि सहीने. कारणाच्या रकान्यात यशोदाबाईंचं नाव होतं आणि त्यांनी दोष दाखवल्याची तारीख होती. त्याने तो मोठ्याने वाचला. साहेबांनी तो हातात घेतला, वाचला, एकदा अनिसकडे पाहिलं आणि फाइलीला लावला. मग यशोदाबाईंकडे वळून ते म्हणाले, झालं गेलं, मावशी. आजपासून या आपल्या बेंचवर, तिसऱ्या कॅमेऱ्याशी.

माणसं पांगली. यशोदाबाई अनिससमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याने मान खाली घातली. त्याची सगळी तयारी होती, शिव्यांची, शापांची, हात उगारला असता तर तोही त्याने झेलला असता.

"सर, तुमी बोलला त्ये ब्येस झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन मला दुसरंच खातंय. अकरा वर्सं मी ह्या डोळ्यांवर काम क्येलं. आन तुमी एकदा म्हनला, तर मी माझ्या डोळ्यांचं सोडलं आन तुमचं धरलं. छिद्र समोर दिसत हुतं, तरी मला वाटलं, साहेब म्हनत्यात तर नसंल. रातभर मला माझीच लाज वाटत हुती."

याची मात्र त्याची तयारी नव्हती. मावशी, ती लाज माझी आहे, एवढं म्हणायला त्याने तोंड उघडलं. शब्द बाहेर आले तेव्हा त्या बेंचवर जाऊन बसल्या होत्या आणि मशीन सुरू झालं होतं.